मागून आलेले विमान

हे मी आजवर कोणाशीही बोललेलो नाही. पत्नीशी नाही, भावाशी नाही. आणि ज्यांच्याशी बोलायला हवे होते त्यांच्याशी तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. जमेल का? सुरुवात करून पाहतो.

गोष्ट एका खेळातली आहे, हे आधीच सांगितलेले बरे. पन्नाशी ओलांडलेला, नोकरीनिमित्त इंदूरला येऊन इथेच स्थिरावलेला एक अभियंता रविवारी दुपारी जेवण उरकून संगणकावर लढाऊ विमाने उडवतो, हे वाचून हसू येईल. हसा. मलाही पुष्कळ दिवस असेच वाटत होते, की खेळच तर होता. या तीन शब्दांच्या आड मी फार काळ बसून राहिलो.

आमचा डझनभर माणसांचा गट होता. दोन बाजू पाडून आम्ही एकमेकांशी लढायचो. बहुतेक ठिकाणी अशा खेळांत शत्रूचे प्रत्येक विमान सगळ्यांनाच नकाशावर लाल ठिपका होऊन दिसते. आम्हाला ते मान्य नव्हते – खरे तर मला मान्य नव्हते, आणि गटाने माझे ऐकले. विमानाचे स्वतःचे रडार पुढचे तेवढे पाहते. पाठीमागचे त्याला दिसत नाही. म्हणून प्रत्येक बाजूचा एक माणूस जमिनीवर, मोठ्या रडारच्या पडद्यासमोर बसेल, आणि त्याला जे दिसेल ते तो बोलून सांगेल, असा नियम आम्ही केला. त्या माणसाला आम्ही ‘कंट्रोल’ म्हणायचो. आमच्या बाजूचा कंट्रोल मी होतो.

या विषयावर मी गटाच्या संकेतस्थळावर एक लांबलचक लेखही लिहिला होता. रडार म्हणजे सर्वज्ञता नव्हे, असे त्यात म्हटले होते. त्याची माहिती अपुरी असावी, थोडी उशिरा यावी, डोंगराआड गेलेले विमान तिच्यातून निसटावे. आणि मुख्य म्हणजे ती माणसाच्या आवाजातून यावी, कारण आवाजावर विश्वास ठेवावा लागतो आणि त्या विश्वासातच सगळा खेळ आहे. लेख लोकांना आवडला. मला तो फारच आवडला.

आता सुधाकररावांविषयी सांगतो. ते आमच्याच कॉलनीत राहायचे. गणिताचे निवृत्त प्राध्यापक, साठी नुकतीच ओलांडलेली, पत्नी वारलेली, मुलगी पुण्याला. त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. त्यामुळे त्यांची मराठी अस्सल इंदुरी, म्हणजे निम्मी हिंदी. खेळाचा नाद त्यांना मीच लावला. ते सुरेख उडवायचे. धीर सोडायचे नाहीत. गणिती माणूस, शेवटपर्यंत टिकायचे. “समोरचं मी बघतो साहेब, तुम्ही बस पीछे का बताते रहो,” असे म्हणायचे. आणि सांगितले की मान वळवून खात्रीही न करता विमान फिरवायचे. माझ्या शब्दावर इतके निर्धास्त राहिलेले दुसरे माणूस मला आठवत नाही.

आमच्या गटात आणखी एक प्रथा होती. ज्याचे विमान पडले त्याने बोलण्याच्या चॅनलमधून लगेच बाहेर पडायचे, म्हणजे मेलेल्याने जिवंतांना मदत करायला नको. त्यामुळे डाव संपत आला की चॅनलवर पुष्कळदा दोघेच उरायचे, ते आणि मी. आमच्यात काय बोलणे झाले, हे तिसऱ्या कोणाला कळण्याची सोयच नव्हती.

त्या रविवारी असेच दोघे उरलो होतो. जिंकत आलो होतो. आणि मी पडद्याकडे पाहत नव्हतो. काय करत होतो? सांगायला लाज वाटते – बाजूच्या खिडकीत माझ्या त्या लेखाखालचे अभिप्राय वाचत होतो. कंट्रोलच्या जागरूकतेवर मी जे लिहिले होते त्याची कोणीतरी स्तुती केली होती, आणि ती मी दुसऱ्यांदा वाचत होतो. तेवढ्यात टेकडीमागून शत्रूचे एक विमान निघाले आणि सुधाकररावांच्या पाठीमागे आले. मान वर केली तेव्हा त्यांचे विमान जळत होते.

सगळे परत चॅनलवर आले. आमच्याच बाजूचा पंकज म्हणून एक तरुण वकील आहे, तोंडाने फटकळ. तो म्हणाला, “क्या भिया, कंट्रोल सो रिया था क्या?”

आणि मी म्हणालो, “सांगितलं होतं. दोनदा सांगितलं.”

इतके सहज आले ते तोंडून. त्याआधी विचार केला होता का? नाही. पण नंतर करता आला असता. क्षणभर शांतता होती. त्या शांततेत मागे घेता आले असते. सुधाकररावच आधी बोलले, “हां... मीच ऐकलं नसेल. सॉरी हं सगळ्यांना.”

पंकज हसला. “काकाजी, कान में तेल डालो!” मग ते रूढच झाले. सुधाकरराव आले की कोणीतरी तेलाची चौकशी करायचे, आणि तेही हसायचे.

इथवर जे सांगितले ते एखाद्या मित्राजवळ मी कदाचित कबूलही केले असते. चूक झाली, घाबरलो, खोटे बोललो. माणसाच्या हातून होते. पण मी इथे थांबलो नाही.

काही दिवसांनी पंकजनेच एक सूचना मांडली. कंट्रोल जे सांगेल त्याची खूण वैमानिकाच्या पडद्यावरही उमटू द्या. म्हणजे कोणाला ऐकू आले नाही तरी दिसेल. शहाणपणाची सूचना होती. तशी सोय खेळात होतीही. मी तिला विरोध केला. का, ते तुमच्या लक्षात आले असेल: खूण उमटते तिथे न उमटलेली खूणही दिसते. पण मी तसे म्हटले नाही. विश्वास, मानवी आवाज, खेळाचा आत्मा, अशी माझी जुनीच वाक्ये मी पुन्हा मांडली. ती पूर्वी खरी होती, त्या दिवशी मी त्यांचा आडोसा केला. मते घेतली. सुधाकरराव माझ्या बाजूने उभे राहिले. “मशीन से नहीं, मला माणसाकडून ऐकायचंय,” ते म्हणाले. सूचना एका मताच्या फरकाने पडली.

नंतर पंकजने मला एकट्याला गाठून, अर्धवट थट्टेत, विचारले, “साब, सच में बोले थे ना उस दिन?” मी दुखावल्याचे नाटक केले. पण ते वाक्य मनात राहिले. पुढच्याच रविवारी पुन्हा आम्ही दोघे उरलो, आणि पुन्हा एक विमान त्यांच्या पाठीमागे आले.

या वेळी मी पाहिले. अगदी स्पष्ट पाहिले. बोलण्याचे बटण बोटाखाली होते. “मागे, डावीकडे, खाली” – एवढेच म्हणायचे होते. आणि मी बटण दाबले नाही.

कारण एकदा न ऐकू येणे हा योगायोग असतो. दुसऱ्यांदा झाले की तो माणसाचा दोष ठरतो, आणि मग पहिल्या वेळेबद्दल कोणी काही विचारत नाही. हा हिशोब मी त्या काही क्षणांत केला होता. नकळत केला, असे म्हणावेसे वाटते. ते खरे नाही.

“या वेळी तर ओरडून सांगितलं, सुधाकरराव,” मी सगळ्यांसमोर म्हणालो. त्या दिवशी तेलाची थट्टा कोणी केली नाही. पंकजनेही नाही.

कानांच्या तपासणीला त्यांना मीच घेऊन गेलो. माझी गाडी, माझा पुढाकार. सगळे म्हणाले, शेजारी असावा तर असा. काचेच्या खोलीत त्यांना बसवून कानांवर हेडफोन चढवले होते. आवाज आला की बोट वर करायचे. मी काचेबाहेरून पाहत होतो. आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे ते बोट वर करत होते, पुन्हा पुन्हा, एकही चुकू नये म्हणून डोळे मिटून. तपासणारी मुलगी हसत बाहेर आली. “अंकल, आपके कान तो मुझसे भी अच्छे हैं!”

त्यांचा चेहरा उतरला. तो का उतरला, हे त्या क्षणी त्या खोलीत फक्त मला समजले. ते कान खराब निघण्याची आशा धरून आले होते. त्यांचे थोरले भाऊ शेवटी घरच्यांची नावे विसरले होते.

परतताना कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ त्यांनी गाडी थांबवायला लावली. तिथल्या होळकरांच्या समाध्यांच्या, छत्र्यांच्या, पायऱ्यांवर आम्ही बसलो. ते म्हणाले, “कान खराब निकलते तो अच्छा था, साहेब. कान चांगले आहेत, तर मग तुम्ही जे बोललात ते गेलं कुठं?”

तुम्हीच पाहा, याहून सोपा प्रश्न कोणी विचारू शकतो का? उत्तर एका वाक्याचे होते. मी म्हणालो, “वय होतं, सुधाकरराव. मनावर घेऊ नका.”

त्यांनी घेतले. खेळ सुटला, मग स्कूटर सुटली – मागून हॉर्न वाजला आणि आपल्याला कळलाच नाही तर, म्हणून. घरी शिकायला येणारी दोन-चार मुले होती, त्यांनाही नको म्हणून सांगितले. मुलांनी विचारलेले हरवले तर त्यांचे नुकसान, असे त्यांचे म्हणणे. बोलता बोलता मला मध्येच थांबवून विचारायचे, “हे तुम्ही मला आधी सांगितलं होतं का?” मी नाही म्हटले तर निश्चिंत व्हायचे. स्वतःवरचा उठलेला विश्वास त्यांनी कोणावर ठेवला, ते पाहा.

स्मरणशक्तीच्या डॉक्टरांना नक्की काही सांगता आले नाही. उत्तरे बरोबर आहेत, पण फार थांबून देतात, असे ते म्हणाले. कदाचित खरोखरच काही सुरू झाले असेल. तसे असावे, अशी इच्छा माझ्या मनात येऊन गेली; तीही इथेच सांगून टाकतो.

मग पुण्याहून त्यांची मुलगी आली. “काका, तुम्ही रोज बघता त्यांना. एकटे राहू शकतील का?” तिने विचारले. ते ठणठणीत आहेत, असे मी म्हणालो, आणि ते खरे होते. पण मला ते कशावरून ठाऊक, हे सांगितले नाही. तिला ती मैत्रीची माया वाटली. घराला कुलूप लागले. जन्म इंदुरात काढलेला माणूस पुण्याच्या आठव्या मजल्यावर गेला.

मी दर आठवड्याला फोन करतो. ते आता फोन एकट्याने घेत नाहीत. स्पीकर लावतात आणि मुलीला जवळ बसवतात, म्हणजे मी काय म्हणालो ते नंतर तिला विचारता येते. तिच्या देखत मला ते सांगवत नाही, आणि त्यांच्याशी एकट्याने बोलण्याची सोय उरलेली नाही. ती मीच संपवली. आम्ही हवेविषयी बोलतो. शेवटी ते म्हणतात, “पुन्हा एकदा सांगा साहेब, काय म्हणालात?” मी पुन्हा सांगतो – इंदुरात थंडी पडू लागली आहे.