औषधांची आडनावं

फोन करणाऱ्याने बातमी योग्य क्रमाने सांगितली. आधी नाव, मग वेळ, मग कारण. परळच्या हॉस्पिटलमधला निवासी डॉक्टर होता, आवाजावरून अगदी तरुण. वर्तमानपत्राच्या डेस्कवर इतकी वर्षं काढल्यावर अशा फोनला हात आपोआप पेनाकडे जातो. मी लिहून घेतलं : वैशाली, पहाटे, न्यूमोनिया. मग लक्षात आलं, की ही बातमी कुठे द्यायची नाहीये. हॉस्पिटलमध्ये पोचले, तेव्हा खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?" मी म्हटलं, "नणंद." त्याने माझ्या मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं. "सख्खं कुणी नाही?" "तिचा भाऊ कणकवलीहून निघालाय." "मग बसा जरा," तो म्हणाला. मी बसले.

वैशाली माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाचं लालबागला औषधांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. आईवडील गेल्यावर तिथे आम्ही तिघंच उरलो. त्यांना मूल नव्हतं, मी लग्न केलेलं नव्हतं. मी वहिनीपेक्षा वयाने थोडी मोठी. मी तिला 'तू' म्हणायचे, ती मला 'तुम्ही' म्हणायची आणि हाक मारताना 'वन्सं'. हा शब्द मुंबईत आता फारसा कुणी वापरत नाही. चाळीतल्या मुली हसायच्या. "काकू, वन्सं म्हणजे काय वनस्पती का?" वहिनी म्हणायची, "वनस्पतीच. पाणी घातलं नाही तर सुकतात." ती लग्न होऊन आली ती हा शब्द घेऊन, आणि तो तिने बदलला नाही.

दादा एका दुपारी दुकानातच गेला. हृदयविकार. तेव्हा वहिनी चाळिशी ओलांडून गेली होती. काउंटरवर ती पूर्वीपासून बसायची, कुठलं औषध कुठल्या खणात ते तिला डोळे मिटून सांगता यायचं. "कुठे आहे ते कळतं," ती म्हणायची, "कशाला आहे ते कळत नाही." पण औषधाचं दुकान चालवायला नोंदणी झालेला फार्मसिस्ट लागतो, आणि तो दादा होता. काही दिवस पगारी माणूस ठेवला. तो टिकला नाही आणि शटर खाली आलं. कणकवलीहून तिचा भाऊ, बाळा, सांगू लागला की दुकान काढून टाक आणि इकडे ये. वहिनीने त्याला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बारावीला तिचं सायन्स होतं. ते प्रमाणपत्र ट्रंकेतून काढून तिने दादरच्या एका कॉलेजात फार्मसीच्या पदविकेसाठी अर्ज केला. पास झाली तर दुकान राहणार होतं, आणि दुकान राहिलं तर ती राहणार होती. हे आम्ही एकमेकींना बोलून दाखवलं नाही.

पहिल्या दिवशी वर्गातल्या एका मुलाने तिला कुणाची तरी आई समजून ऑफिसचा रस्ता दाखवला. पुढे सगळी तिला काकू म्हणू लागली. मुलं वाईट नव्हती. ती जवळ आली की बोलायची थांबायची, एवढंच. डबा ती जिन्याच्या वळणावरच्या खिडकीत बसून खायची. मी एकदा कामानिमित्त दादरला गेले होते तेव्हा वर डोकावले. गुडघ्यावर पुस्तक, एका हातात पोळीचा तुकडा, आणि ओठ हलतायत... वर्गाच्या दारातून हसण्याचा आवाज येत होता. तिने मान वर केली नाही. मी हाक न मारता खाली उतरले आणि नाक्यावर चहा घेऊन ऑफिसला गेले.

बाकीचे विषय तिने रेटून नेले. दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी आली, म्हणजे औषध शरीरात गेल्यावर काय करतं त्याचा विषय, आणि ती अडली. शाळा मराठीतून झालेली, पुस्तक इंग्रजीत, नावं तर कुठल्याच भाषेतली वाटायची नाहीत. माझी ड्यूटी संध्याकाळची असे, म्हणून सकाळी ओट्याशी उभी राहून मी तिला नावं विचारायचे आणि ती भाजी चिरत उत्तरं द्यायची. आठवडाभर काहीच जमलं नाही. मग एका सकाळी ती सुरी हातात धरून थांबली. "वन्सं, ह्यांना आडनावं आहेत."

"कोणाला?"

"औषधांना. नेरूरकर आला तर त्याला गाव विचारायला लागतं का? तसंच. शेवट बघायचा."

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात औषधांची कुटुंबं राहायला आली. ज्यांचं आडनाव 'ओलॉल', ते सासरे : घरात आले की सगळ्यांची धावपळ कमी, छातीचे ठोकेसुद्धा हळू पडतात. पण दमेकऱ्याच्या घरी त्यांना पाठवायचं नाही, श्वासाचं दार अडवून बसतात. 'स्टॅटिन'मधले काही गिरणीतले जुने रात्रपाळीवाले, त्यांना झोपतानाच कामावर धाडायचं. 'प्राझोल' सकाळी उपाशीपोटी, पोटातली आग विझवणारे. आणि रक्तदाबाच्या दोन जावा. थोरली 'प्रिल'. कामाला चोख, पण तिच्या पायी घरात कोरडा खोकला सुरू होतो. धाकटी 'सार्टन' तेच काम आवाज न करता करते. "थोरलीचं पटेनासं झालं की धाकटीला बोलवायचं," वहिनी म्हणायची, "डॉक्टर तेच करतात. फक्त इंग्रजीत करतात."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकाने तिला एकच अवघड नाव विचारलं : अ‍ॅरिपिप्राझोल. तिने शेवट पाहिला. "सर, प्राझोल. जळजळीवर. सकाळी उपाशीपोटी." परीक्षकाने चष्मा काढला. "काकू, ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात त्याची गोळी आहे ही. त्याला तुम्ही पित्ताची म्हणून देणार?" शेजारी थांबलेल्या दोन मुलांना हसू आवरलं नाही. तिलाही थोडं आलं, असं तिने घरी सांगितलं. लेखी पेपरही बेताचा गेला होता. निकालात सगळे विषय सुटले, फार्माकॉलॉजी राहिली.

तिने पुस्तक मिटून ठेवलं. म्हणाली, "आडनावबंधू निघाला हो. मी भावकी समजत होते."

निकाल कळल्यावर बाळा आला. मोठी बॅग रिकामीच घेऊन आला होता, तिचं सामान भरून न्यायला. मी आतल्या खोलीत ऑफिसला निघायची तयारी करत होते. मधे पडदाच होता.

"बाय, आता पुरे झाला," तो म्हणाला. "ह्या वयात पोरांवांगडा परीक्षा कसले देतस? चल घराक. हंय आता कोण आसा तुजा?"

"वन्सं आसत."

"वन्सं काय जल्माक पुरतली?"

"माका पुरतली," वहिनी म्हणाली. आणि मग, "च्या घेतलंस?"

मी पडद्याआड ओढणीला पिन लावत होते. ती लावून झाल्यावरही काही वेळ तिथेच उभी राहिले. बाळा दुसऱ्या दिवशी रिकामी बॅग घेऊन परत गेला.

फेरपरीक्षेपर्यंत तिने नियमाला पोटनियम जोडला : आडनाव बघायचं, मग घर बघायचं, म्हणजे औषध शरीरात कुठे काम करतं ते. चुकून सारखं आडनाव लागलेल्यांना तिने वेगळं काढलं आणि त्यांना आडनावबंधू म्हणू लागली. एका सकाळी लसूण सोलता सोलता तिने विचारलं, "वन्सं, आपण दोघी कोण? आडनाव तर एकच. भावकी की आडनावबंधू?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" "वा! विचारायचं तुम्ही आणि सांगायचं मी, असं ठरलंय. उलटं विचारलं तर तुम्हाला येत नाही, कबूल करा." मी कबूल केलं. तिनेही उत्तर सांगितलं नाही.

ती पास झाली. दादाच्या फोटोशेजारी तिचं नोंदणीचं प्रमाणपत्र लागलं आणि दुकान तिच्या नावावर पुन्हा उभं राहिलं. करी रोड, परळकडून म्हातारी माणसं येत. एखादी आजी गोळ्यांचं पाकीट पुढे करून विचारी, "ही कसली गं?" वहिनी उजेडात नाव वाचून म्हणे, "हे सासरे, आजी. हळू चालवतील. उठताना भिंतीला धरा." मी रात्री ड्यूटी संपवून येई, तेव्हा ती जेवायची थांबलेली असे. आमचं बोलणं फार नव्हतं. मला रक्तदाब निघाला आणि डॉक्टरांनी रॅमिप्रिल दिलं, तेव्हा तिला फार आनंद झाला. "थोरली आली का आपल्याकडे!" मग अपेक्षेप्रमाणे मला कोरडा खोकला लागला. मी खोकले, की ओट्यावरून आवाज यायचा, "थोरली बोलली..." कधी पुढे जोडायची, "डॉक्टरांना सांगा, धाकटीला बोलवा." जाईन म्हणत राहिले. खोकला सोसण्यासारखा होता.

तिचा ताप साधा वाटला होता. तिसऱ्या दिवशी तिला धाप लागली आणि आम्ही परळला गेलो. अतिदक्षता विभागात मला थोडा वेळ आत सोडलं. सलाइनच्या स्टँडवर दोन बाटल्या होत्या. तिने मास्क बाजूला केला. "वन्सं, काय लावलंय, वाचा." मी एका बाटलीवरचं नाव वाचलं. तिने डोळे बारीक केले, जसे ती ओट्याशी करायची. मी पुन्हा, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून वाचलं.

"ह्याचं आडनाव ओळखीचं नाही," ती म्हणाली. नर्सने मास्क परत लावला.

तेराव्यानंतर बाळा निघाला. दुकानाची चावी मी त्याच्यापुढे ठेवली, ती त्याने घेतली नाही. जिन्याच्या तोंडाशी थांबून म्हणाला, "ताई, चला आमच्यांगडे चार दिवस. हंय आता कोण आसा तुमचा?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता; पूर्वी आपण हेच वाक्य बोललो होतो, हे त्याच्या लक्षातही नसावं. वहिनीकडे तेव्हा उत्तर तयार होतं. ते उत्तर मीच होते, त्यामुळे मला ते देता येईना. "बघते," मी म्हटलं. तो पायऱ्या उतरून गेला.

दुकानाचं शटर बंद आहे. दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरतंय. आडनावाची पाटी दारावर तशीच आहे, त्या आडनावाची मी एकटी. पहिले काही दिवस मी खोकायचे आणि थांबायचे. ओट्यावर स्टीलचा डबा, उलटी घातलेली कढई, खिडकीत तिची लसणाची टोपली. मग पुन्हा खोकायचे. मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी विचारलं, "इतके दिवस का सहन केलात?" आणि गोळी बदलून दिली. पाकिटावर नाव होतं टेल्मिसार्टन. घरी येऊन ओट्याशी उभी राहून मी ते मोठ्याने वाचलं. धाकटी.

वहिनी म्हणायची तसंच आहे, ती आवाज करत नाही. खोकला पूर्ण थांबला आहे.