सांबारवडी गार होईल म्हणून

ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात आमच्या चर्चच्या मंडळीच्या घरसभा होतात. बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता कोणा एकाच्या घरी जमायचं. दोन गीतं, बायबलमधलं एक वचन, त्यावर थोडं बोलणं, मग प्रार्थना. कोणाचं घर कधी, ही यादी गेली नऊ वर्षं मी करतो. मी कोराडीच्या वीज केंद्रात स्टोअर सांभाळतो. नटबोल्ट मोजण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मंडळीतलं मोजण्याचं कामही माझ्याकडेच आलं.

यंदा बारा घरं हवी होती. अकरा भरली. राहिलं मावशींचं. मावशी म्हणजे मिशनच्या दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झालेल्या बाई. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. माझ्या दोन्ही मुलींना पहिली आंघोळ त्यांनीच घातली.

मी फोन केला.

"यंदा माझं नाव नको लिहू, बाबू."

"काहून मावशी? तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीले काय धाड भरली? नको म्हटलं तं नको."

कारण मला लगेच कळलं, निदान मला तसं वाटलं. आमच्या घरसभांना आता जेवणावळीची कळा आली आहे. गेल्या वर्षी एका घरी पाटवडी-रस्सा होता, वर जिलेबी. वचन चालू असताना निम्म्या माना स्वयंपाकघराकडे वळलेल्या. तीस माणसांना हे असलं खाऊ घालणं मावशींच्या पेन्शनीत कसं बसणार? मला संताप आला. पाळकसाहेबांना गाठून म्हटलं, "नियम करा. फक्त चहा."

ते हसले. "भाऊ, खाण्याच्या निमित्तानं लोक येतात तरी. चहावर किती येतील?"

मग मी ठरवलं, हे कोणी सुरू केलं ते पुराव्यानिशी दाखवू. प्रत्येक सभेची नोंद माझ्या वहीत असते. किती माणसं, कोणती गीतं, प्रार्थना किती वेळ चालली आणि, स्वभावच तसा म्हणून, खायला काय होतं. जुन्या वह्या काढल्या. चहा-बिस्कीट, चहा-मुरमुरे, नुसता चहा, अशी पानंच्या पानं. आणि सहा वर्षांपूर्वी माझ्याच अक्षरात एक ओळ: सांबारवडी, गुलाबजाम, चौतीस माणसं. घर माझं.

त्या वर्षी आम्ही क्वार्टर सोडून स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. सोफ्याचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. वचन होतं स्वर्गातल्या धनाचं, ज्याला कसर लागत नाही आणि जंग चढत नाही. त्यावर मीच चार शब्द बोललो होतो. चांगले बोललो, असं लोक म्हणाले. खाण्याच्या ओळीशेजारी प्रार्थनेचा वेळ लिहिलेला होता: अकरा मिनिटं. आधीच्या कुठल्याही घरी पस्तीसच्या खाली नव्हता.

अकराच का, ते मला आठवलं आणि वही मिटावीशी वाटली. प्रार्थना मावशी करत होत्या. आत कोथिंबिरीच्या वड्या तळणाऱ्या बायकोनं खूण केली होती, सांबारवड्या गार होऊन राहिल्यात. मावशी दम घ्यायला थांबल्या आणि मी मोठ्यानं "आमेन" म्हटलं. माझ्यामागून सगळ्यांनी म्हटलं. लोक उठले.

पुरावा घेऊन पाळकसाहेबांकडे जायचं राहिलंच. आमची पाळी आली तेव्हा बायकोला म्हटलं, आपल्याकडे फक्त चहा.

"फक्त चहा? आणि ज्यांच्याकडे आपण दोन-दोन प्लेटा हाणल्या, त्यांच्यापुढे मी नुसते कप ठेवू?"

"उपासकाळ आहे."

"तो तुम्हाला यंदाच दिसला का?"

शेवटी चहाच ठरला. एकोणीस माणसं आली. चहा पिताना एकानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नोकरीत काही झालं काय गा?" दुसरा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाऊ डायटिंग करून राहिले वाटते." प्रार्थना अडतीस मिनिटं चालली. खरं सांगायचं तर वीस मिनिटांनंतर माझे गुडघे दुखत होते आणि मन स्टोअरमध्ये गेलं होतं. म्हणजे वड्या नव्हत्या, तरी मी होतो तिथेच होतो. याचा राग कोणावर काढायचा?

मावशी शेवटी निघाल्या. दारात मी म्हटलं, "आता तरी नाव लिहू का? बघा, नुसता चहा."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "तुले वाटलं, मी वड्यांच्या भेवानं नाही म्हटलं? अरे, तुह्या बायकोपेक्षा चांगली सांबारवडी करतो मी."

"मग?"

"या घरात माझं मागणं अर्धं राहिलं. तेव्हापासून कोणाच्याच घरी मी तोंड उघडलं नाही. आपल्या घरी बी पाच वर्षं मुकीच बसली. आता यंदा बी बोलावून मुकी बसू का?"

"मावशी, चुकलं माझं."

"तुह्या या नव्या घरासाठीच मागून राहिली होती गा मी. तुलेच घाई."

मूर्खासारखा म्हणालो, "मग आता पूर्ण करा."

"ते तुह्या स्टोअरमधलं सामान आहे काय, चिठ्ठी दिली का निघालं?" त्या चपला घालू लागल्या. मग पायरीवरून म्हणाल्या, "लिही माझं नाव. शेवटच्या शुक्रवारी. चहा बी नाही देत. आणि ते घड्याळ काढून ये."

शुक्रवारी नऊ माणसं आली. पडवीत सतरंजी, एक टेबलफॅन. घड्याळ मी घरी ठेवलं होतं, मोबाइल बायकोच्या पर्समध्ये. मावशींनी दवाखान्यातल्या बायांसाठी मागितलं, उमरेडच्या बहिणीसाठी, आम्हा प्रत्येकाच्या पोराबाळांसाठी. मधे एकदा थांबल्या. माझ्या ओठांवर आमेन आलं, ते मी दाबलं. पुन्हा सुरू झाल्या. पुन्हा थांबल्या, पुन्हा दाबलं. घरांसाठी मागू लागल्या तेव्हा मी कान टवकारले. एकेक घर घेतलं. माझं घेतलं नाही. मग आमेन त्यांनीच म्हटलं.

परतताना बायको म्हणाली, "किती वेळ झाला हो?"

मला सांगता आलं नाही. वहीत बारावं घर भरलं, माणसं नऊ लिहिली, खाण्याच्या जागी रेघ मारली. वेळेचा रकाना रिकामा आहे. आमच्या घराचं मागणं अजून अर्धंच आहे, आणि पुढच्या उपासकाळाला अकरा महिने आहेत.