पिवळ्या खडूचा ओके

‘ओके’ या एवढ्याशा शब्दावर जन्मभर रागावलेला माणूस जगात एकच होऊन गेला आणि तो विक्रोळीच्या आमच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसत असे. तपासणी खात्यातले ते सर्वांत थोरले, मी नवखा. सगळे त्यांना काका म्हणत. तयार झालेला लोखंडी दांडा मायक्रोमीटरने मापायचा आणि बरोबर भरला तर त्यावर पिवळ्या खडूने ‘ओके’ लिहायचे, हे आमचे काम. काकांच्या मते या शब्दाला तेवढाच एक उपयोग होता. बाकी दुनियेने त्याची वाट लावली होती. फोनवर कोणी ‘ओके’ म्हटले की काका मालवणीवर येत, “ओके म्हणजे काय ता सांग! येतलस, की आयकलस, की फोन ठेवू?” डॉक्टर म्हणाले, रक्तदाब ओके आहे, तर “आकडा सांगा” म्हणून अडून बसत. भाच्यासाठी मुलगी बघून आलेली बहीण म्हणाली, “मुलगी ओके आहे.” काका ताटावरून उठले. “चेडवाक मापून इलंस काय गे?” एकदा तर फाटकाशी उभ्या ट्रकच्या पाठीवर रंगवलेला ‘ओके’ पाहून त्यांनी ड्रायव्हरला खाली उतरवले. “किसने चेक किया? सही किधर है?” बिचारा म्हणाला, “चाचा, पेंटर ने लिखा.” तेव्हापासून ढिसाळ माणसासाठी काकांची शिवी ठरली : पेंटर.

हे किस्से आमचे जुने सोबती अजून हसत सांगतात. पण त्या किश्श्यांच्या शेपटीला जे जोडतात ते ऐकले की माझे डोके तडकते. म्हणे, एवढे ओकेवाले काका, पण एका शनिवारी स्वतःच न मापता चाळीस दांड्यांवर ओके ओढून मोकळे झाले! साफ खोटे. ते ओके मी लिहिले. अर्धी थप्पी मापून काका जेवायला गेले होते, माल न्यायला गाडी उभी होती, सुपरवायझर डोक्यावर बसला होता आणि मला बायकोला घेऊन मुलुंडला नाटकाला जायचे होते. काकांच्याच खडूने मी उरलेल्या दांड्यांवर सपासप हात चालवला. काका परतले तेव्हा गाडी गेली होती. “उरलेला माल आत ठेवलाय, सोमवारी मीच बघतो,” असे मी त्यांना बेधडक खोटे सांगितले. आठवड्याने ते चाळीस दांडे परत आले. साहेबांपुढे काका कडाडले, “हे ओके माझे नाहीत!” साहेबांनी मला विचारले. मी म्हणालो, “मी माझ्या टेबलावर होतो, साहेब.” बस, एवढेच. काकांचा मायक्रोमीटर काढून घेतला आणि त्यांना स्टोअरच्या खिडकीत बसवले. निवृत्तीच्या दिवसापर्यंत येणारा-जाणारा त्या खिडकीशी वाकून विचारी, “काय काका, ओके ना?” हरामखोर साले! आणि त्यांतला सगळ्यांत मोठा मी, त्यांच्यात उभा राहून हसत असे.

पुढे बऱ्याच वर्षांनी घाटकोपरला त्यांच्या घरी जाऊन मी सगळे ओकलो. काकांना आता दिसत नव्हते, पण बोटे जुनीच होती. ऐकताना चहाचा कप दांड्यासारखा गोल फिरवत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे पेंटर तू.”

“काका, माफ करा.”

“एवढ्या वर्षांनी? दार लावून, माझ्या एकट्याच्या कानात? रिवर्क!” रिवर्क म्हणजे तुकडा चुकला आहे, पण फेकू नका, नीट करून परत आणा. “सगळ्यांसमोर सांग. मग घेऊन ये, बघतो.”

“ओके,” मी म्हणालो आणि जीभ चावली. त्या शब्दावर काका हसलेले मी त्या एकदाच पाहिले.

नंतरही मी आज-उद्या करत राहिलो आणि काका गेले. आता लिहिले आहे, सगळ्यांसमोर. चाळीसच्या चाळीस ओके माझे. कागद दोनदा तपासला. खाली कोपऱ्यात पिवळ्या खडूपुरती जागा मोकळी ठेवली आहे.