दारं धरायला गेल्यात

माझं माहेर बारामतीच्या पेठेतलं, कापडाच्या दुकानाच्या वरचं. शेतीशी माझा संबंध मंडईतल्या मेथीच्या जुडीपुरता. आणि नोकरी लागली ती इंदापूर तालुक्यात, कळसच्या पलीकडं एका वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत. पहिली ते चौथी माझ्या एका खोलीत, वरचे वर्ग गुरुजींकडं. चारी बाजूंनी ऊस, मध्ये शाळा, आणि पटांगण ओलांडलं की दोन मुताऱ्या, एक मुलांची, एक मुलींची. दोन्हींना पत्र्याची दारं आणि दोन्हींना आतून कडी नाही. स्त्री-पुरुष समानता आमच्या शाळेत तेवढ्या बाबतीत पूर्ण झाली होती.

कडी आम्ही बसवली नाही असं नाही. पण गंजलेल्या चौकटीत स्क्रू टिकायचे नाहीत, आणि नवी चौकट मागून मागून माझी जीभ झिजली. तेव्हा रिवाज असा पडला होता की एकानं आत जायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून दार धरून उभं राहायचं.

रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी माझी अक्कल पाजळली. चौथीतला एक पोरगा आदल्या दिवशी गैरहजर होता. त्याला विचारलं, “काल कुठं होतास?”

“दारं धरत हुतो, बाई.”

“दिवसभर?”

“व्हय. सकाळपासनं.”

मला त्या लेकराची फार दया आली. “का रे, तुमच्या घराच्या दाराला कडी नाही का?”

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले गुरुजी खडू हातात घेऊन बघायला आले. त्यांनीच मला नंतर समजावलं. उसाच्या सरीत पाणी सोडायचं, ती भरली की तिचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं, याला इकडं दारं धरणं म्हणतात. दुसरीतल्या पोराला माहीत असलेली गोष्ट डी.एड.ला मला कुणी शिकवली नव्हती. मी गुरुजींवरच चिडले, कारण दुसरं कुणी चिडायला मोकळं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या वर्गात ‘एकीला जाऊ का’ हा शब्दच बंद पडला. करंगळी वर करून पोरं तोंड गंभीर ठेवून विचारायची, “बाई, दारं धराय जाऊ?” आणि आमच्या मुतारीला खरोखरच दार धरावं लागत असल्यामुळं मला रागवायलाही जागा राहिली नाही. वर्षभरात तो शब्द इतका रुळला की त्यातली थट्टा सगळे विसरले. मीही विसरले. पुढं ते महागात पडणार होतं.

आता नियमांविषयी सांगते. प्राथमिकच्या वर्गात एकाला लागली की सगळ्यांना लागते. म्हणून मी पहिला नियम केला, फक्त मधल्या सुट्टीत जायचं. तो नियम पहिलीतल्या एका पोरानं मोडला. मी पावसाची कविता म्हणून घेत होते आणि तो हातवारे करत जागेवर उड्या मारत होता. “बघा, याला कशी कृतीयुक्त कविता जमते!” असं मी म्हणेपर्यंत पाऊस पडला होता.

दुसरा नियम डस्टरचा. ज्याच्या हातात डस्टर, तोच बाहेर. एकदा डस्टर ओलं होऊन परत आलं. “हे ओलं कसं रे?” म्हटलं, तर उत्तर आलं, “धुतलं, बाई.” कुठं पडलं होतं म्हणून धुतलं, हे मी विचारलं नाही. त्या दिवशी फळा ओढणीनं पुसला आणि नियम रद्द केला.

तिसरा नियम मी केलाच नाही, तो पोरांनीच केला. चौथीत एक पोरगी होती, कमरेवर हात ठेवूनच बोलायची. तिचे आजोबा पाणी वाटपाच्या सोसायटीत होते. ती म्हणाली, “बाई, तुमचं नियोजनच न्हाय. आमचं तात्या म्हंत्यात, पाळी लावल्याबिगर पाणी पुरत न्हाय. आन् पाळी टेल टू हेड पायजे.”

“म्हणजे?”

“म्हंजी कालव्याच्या शेपटाकडनं सुरू करायचं. पहिल्या पहिल्यांनीच पाणी घेतलं तर शेवटच्याला काय, चिखल?”

मग ठरलं. कालव्याला ठरल्या दिवशी पाणी सुटतं तसं दर तासाला एक आवर्तन सुटणार. शेवटच्या ओळीपासून सुरुवात, दोघा-दोघांनी जायचं, एकानं धरायचं, एकानं उरकायचं, मग अदलाबदल. पाळी कुणाची हे सांगायला पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी वाटून देणारा माणूस. ते पद तिनं स्वतःच घेतलं, निवडणूक न होता. आणि अगदीच कुणाला धीर नसला तर त्यानं उभं राहून आमच्याकडच्या धरणाच्या नावानं ओरडायचं, “उजनी भरली!” मग पाळी न बघता सगळ्यांनी वाट सोडायची. मी म्हटलं, करा काय करायचं ते. आणि काय सांगू, नियम चालला की! वर्ग शांत, डस्टर कोरडं.

पाणी पोचत नव्हतं ते फक्त एकीपर्यंत. दुसरीत एक बारकी पोर होती. त्यांचं रान कालव्याच्या अगदी शेपटाला आणि वर्गातही ती शेवटच्या ओळीच्या कोपऱ्यात बसायची. म्हणजे टेल टू हेडच्या हिशोबानं पहिली पाळी रोज तिचीच. पाटकरीण तिचा नंबर पुकारायची आणि ती मान हलवायची, “मला न्हाय.”

एक दिवस तिची आई शाळेत आली. पेरूच्या बागेतून थेट आली होती. म्हणाली, “बाई, पोरगी शाळंत दिवसभर थेंब पाणी पीत न्हाय वो. पाणी पिलं की जावं लागतंय म्हणून. बाटली जशीच्या तशी घरी येती. घरी आली की दप्तर टाकून परसात पळती. आता तिला जळजळ व्हायला लागलीया. बारामतीच्या डॉक्टरनं औषध दिलं, पर म्हणला, पाणी पाजा, न्हायतर परत हितंच याल. तुमी सांगा की तिला.”

मी हो म्हटलं खरं, पण मला मनातून फार लाज वाटली. माझ्या स्कुटीच्या डिकीत माझीही बाटली होती आणि तीही रोज भरलेलीच बारामतीला परत जायची. वस्तीवर नोकरी करणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. मी कुठल्या तोंडानं तिला पाणी पी म्हणणार होते?

तरी तिला जवळ घेऊन विचारलं, “का गं जात नाहीस?”

ती हळूच म्हणाली, “सोडलं तर?”

“काय सोडलं तर?”

“दार.”

मग पाटकरणीनं खुलासा केला. ही पहिलीत असताना एकदा आत गेली होती आणि रस्त्यानं ऊस तोडायचं हार्वेस्टर आलं. एवढं मोठं धूड दिसल्यावर दार धरणारी ते बघायला पळाली. वारा आला आणि दार सताड उघडलं. समोर पटांगणात अख्खी शाळा हार्वेस्टर बघायला जमली होती, त्यांना दोन्ही गोष्टी बघायला मिळाल्या. तेव्हापासून हिनं शाळेतल्या मुतारीत जाणं सोडलं.

मी म्हटलं, मी धरते तुझ्यासाठी. ती म्हणाली, “तुमाला फोन येतो.” आणि तो येतोच.

पण एक गंमत झाली. स्वतः न जाणारी ही पोर दुसऱ्यांसाठी दार धरायला लागली, आणि तिच्यासारखं दार कुणी धरलं नसेल. दोन्ही हात पत्र्याला, पाय रोवलेले, पाठीमागं बँड वाजला तरी मान वळायची नाही. मुलींना तीच हवी असायची. तिची स्वतःची पाळी मात्र रोज कोरडी जायची, आणि मला रोज वाईट वाटायचं.

अशात एका दुपारी इंदापूरहून विस्तार अधिकारी मॅडम अचानक आल्या. सकाळपासून त्यांच्या शाळा तपासणं चाललं होतं. कडक बाई म्हणून त्यांची ख्याती होती. मी तांब्या पुढं केला तर “पाणी नको” म्हणून हात आडवा केला. खुर्चीत अगदी टोकावर बसल्या, पोरं मोजली आणि भुवई उंचावली.

“हजेरी लावलीय, पण दोन मुलं कमी आहेत. कुठं गेली?”

मी तोंड उघडायच्या आत वर्ग एका सुरात ओरडला, “दारं धराय गेल्यात!”

मॅडम स्वतः शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांचा चेहरा बदलला. “शाळेच्या वेळेत? बाई, तुम्ही मुलांना हजर दाखवून उसाला पाणी द्यायला पाठवता?”

मी घाईघाईनं म्हणाले, “नाही हो मॅडम, ते म्हणजे—”

“थांबा. मी मुलांशी बोलते. कोण पाठवतं रे तुम्हाला?”

पाटकरीण उभी राहिली, कमरेवर हात. “मी पाठवते मॅडम. मी पाटकरी हाय.”

“रोज?”

“दर तासाला आवर्तन सुटतंय. टेल टू हेड.”

“किती वेळ लागतो?”

“ज्याच्या त्याच्यावर हाय. पहिलीवाल्यांचं लगीच सपतंय. पर हे चौथीतलं एक हाय, त्याचं लय चालतंय.”

मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं की माझी नोकरी मला कालव्यातून वाहत जाताना दिसली. तेवढ्यात ती दोन पोरं दारात आली, एकजण चड्डीचं बटण लावत.

“कुणाच्या रानात गेला होता रे?” मॅडम कडाडल्या.

त्यानं घाबरून करंगळी वर केली.

मॅडमनी करंगळीकडं पाहिलं, मग खिडकीतून पटांगणापलीकडच्या पत्र्याच्या दाराकडं पाहिलं, आणि हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मीही हसले, जीव भांड्यात पडला माझा. आणि मग एकाएकी मॅडम हसायच्या थांबल्या. खुर्चीचा हात घट्ट पकडून ताठ बसल्या.

“बाई,” त्या माझ्याकडं वाकून हळूच म्हणाल्या, “सकाळपासून चार शाळा झाल्या. कुठं कुलूप, कुठं पाणी नाही. मला हसवायला नको होतं तुम्ही.”

पाटकरणीचे कान तिखट. ती उठून ओरडली, “मॅडमची उजनी भरली! वाट सोडा!”

पोरं भराभर बाजूला झाली. मॅडम निघाल्या, मी मागोमाग, आणि मुतारीच्या दाराशी पोचून त्या थबकल्या. “याला कडी कुठाय?”

माझ्या मागून आवाज आला, “कडी न्हाय, मॅडम. तुमी जावा. मी धरती.” ती बारकी पोर होती. कधी आली, कळलंच नाही. मॅडमनी एकदा तिच्याकडं बघितलं आणि त्या आत गेल्या. तिनं दोन्ही हात पत्र्याला लावले, पाय रोवले. एवढ्यात रस्त्यानं उसाची ट्रॉली मोठमोठ्यानं गाणी लावून गेली, पोरं धावली. हिनं पापणीसुद्धा हलवली नाही.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता, इतका शांत झाला होता. “छान धरलंस गं,” त्या म्हणाल्या. “तुझी झाली का पाळी?”

तिनं नाही म्हणून मान हलवली. मी मध्ये पडले आणि सगळं सांगून टाकलं, बाटली, जळजळ, हार्वेस्टर. मॅडम ऐकत राहिल्या. मग त्यांनी खांद्यावरची पर्स माझ्याकडं दिली. फोन काढून तोही माझ्या हातात ठेवला. साडीचा पदर खोचला आणि दोन्ही हात पत्र्याला लावले.

“जा आत. मी धरते.”

पोर जागची हलेना. तिनं मॅडमच्या हातांकडं बघितलं, मग खाली त्यांच्या पायांकडं. मॅडमनी चपला काढून पाय मातीत रोवले. तेव्हा ती आत गेली.

माझ्या हातातला फोन वाजायला लागला. तालुक्याच्या ऑफिसचा होता. मॅडमनी मान वळवली नाही. आतून बारीक आवाज आला, “मॅडम, हाय का?”

“आहे.”

“सोडू नका हं.”

“न्हाय सोडत गं बाई,” मॅडम म्हणाल्या, “तू सावकाश कर.”

मग वर्गात येऊन मॅडमनी पहिल्यांदा पाणी मागितलं. तांब्यातलं अर्धं त्या प्यायल्या आणि उरलेलं त्या पोरीपुढं धरलं. तिनं ते सगळं संपवलं.