बोटीनं गेलो तो फक्त मुंबईपर्यंत

लढाईवरून आलेल्या माणसाला मुलगी देऊ नये, असं माझ्या मावशीचं ठाम मत होतं. अशी माणसं एकतर फार बोलतात, नाहीतर मुळीच बोलत नाहीत, असं ती म्हणायची. आमचे हे दुसऱ्या प्रकारचे निघाले. मी मूळची घाटावरची. वडिलांची बदली रत्नागिरीला झाली म्हणून इथे आले, इथेच मराठी सातवीची फायनल पास झाले, मुलींच्या शाळेत शिकवायला लागले आणि शेवटी इथलीच सून झाले. महाराष्ट्र राज्य तेव्हा व्हायचं होतं, आणि मुंबईला जायचं म्हणजे बंदरावर जाऊन बोट धरायची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

ह्यांनी पूल बांधणाऱ्या पलटणीत ऐन तारुण्याची वर्षं घालवली होती. आधी इजिप्तमध्ये, मग इटलीत. तिथल्या एका नदीवर पूल टाकताना डाव्या हाताची दोन बोटं गेली. कोकणात दोन बोटं गेलेल्या माणसाला काम मिळणं सोपं नव्हतं. पोफळीवर चढता येईना, होडीवर दोर ओढायला कोणी घेईना. उरली मुंबई. गावचे चाकरमानी म्हणाले, शिमग्याला आम्ही येतो तेव्हा आमच्याबरोबर चल, गिरणीच्या फाटकावर पहारेकऱ्याची जागा बघून ठेवतो.

मला ते नको होतं. स्पष्टच सांगते, मला नवरा घरात हवा होता. वर्षातून दोनदा ट्रंक घेऊन येणारा आणि पोरांनी ‘हा पाहुणा कोण’ म्हणून विचारावं असा नवरा वाडीत घरोघरी होता. आयुष्याची इतकी वर्षं सरकारला दिलेल्या माणसानं उरलेली गिरणीला द्यावी, हे माझ्या पचनी पडत नव्हतं.

त्याच सुमाराला सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या माळावरच्या, नव्या हायस्कूलला ड्रिल मास्तर हवा असल्याचं कळलं. माजी सैनिक पाहिजे. त्यातही जो लढाईसाठी परदेशी जाऊन आला आणि ज्याला काही सन्मान मिळाला, त्याला पहिला मान. मी म्हटलं, ही जागा देवानं ह्यांच्यासाठीच ठेवली आहे. हे धुतलेला शर्ट घालून आणि पलटणीतून सुटताना मिळालेलं डिस्चार्ज बुक कागदात गुंडाळून हेडमास्तरांना भेटायला गेले.

परत आले ते शर्ट खुंटीला लावून ओटीवर बसून राहिले.

“काय म्हणाले?”

“काय नाय. पुस्तकात मी कुटं गेलोच नाय.”

मी पुस्तक हिसकावून घेतलं. माझं इंग्रजी बेताचंच, पण तेवढं वाचता येत होतं. परदेशातील सेवा: नाही. पदके आणि सन्मान: नाही. एवढ्या वर्षांच्या लढाईला दोन ‘नाही’. हेडमास्तर माणूस सभ्य. ते ह्यांना म्हणाले होते, तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही, पण शाळेच्या मंडळापुढे मला पुस्तकच ठेवावं लागेल. शिमगा झाला की मंडळ बसणार आहे, तोवर दुरुस्त करून आणा.

“सही करताना वाचलं नाहीत?”

“इंग्रजीत व्हतं.”

“मग विचारायचं!”

“कोनाला?” हे म्हणाले, आणि आत जाऊन पाणी प्यायले.

चूक झाली कशी, हे कळल्याशिवाय दुरुस्तीचा अर्ज तरी काय लिहायचा? आठ-पंधरा दिवस मी ह्यांना खोदून खोदून विचारत होते आणि हे ‘नाय आठवत’ म्हणत होते. एके दिवशी दुपारी, सासूबाई शेतावर गेल्या असताना, हे पडवीत काथ्याचा सुंभ वळत बसले होते. उरलेल्या बोटांनीही सुंभ असा वळायचे की दोष काढायला जागा नसे. मी तांदूळ निवडता निवडता चिडवलं, “बोटीनं गेलात आणि बोटं ठेवून आलात, तरी पुस्तक आपलं कोरं ते कोरंच!”

ह्यांचा हात थांबला. “बोटीनं कुटं गेलो? जहाजानं गेलो.”

“तेच ते.”

“तेच कसं? बोट मंजे मुंबयला जाते ती. समुद्रापार जातं ते जहाज. तुमी घाटावरची मानसं, तुमाला सगळं एकच.”

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी हळूच विचारलं, “पुस्तक भरणाऱ्या कारकुनानं तुम्हाला काय विचारलं होतं?”

“काय विचारणार? बोटीनं कुटं कुटं गेलास? मी म्हटलं, मुंबयपर्यंत. तो म्हनाला, बस? मी म्हटलं, बस.”

मी कपाळावर हात मारून घेतला. कारकून माझ्याच मुलखातला असणार. आमच्याकडे पाण्यावर चालतं ते सगळं बोट. आमच्या लग्नात माझ्या काकांनी बंदरातल्या माशांच्या होडक्यालाही बोट म्हटलं होतं आणि वरपक्ष तोंडाला रुमाल लावून हसला होता. आणि ह्यांना कोणी ‘तू बोटीनं इटलीला गेलास का’ असं विचारलं असतं, तर ह्यांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

“आणि सन्मानाचं काय विचारलं?”

“काय मिळालं का, म्हनाला. मी म्हटलं, व्हय, पान मिळालं.”

पान खरंच मिळालं होतं. नखाएवढं पितळी पान, पदकाच्या फितीवर लावायचं. लढाईत कोणी विशेष काही केलं आणि सेनापतीच्या अहवालात त्याचं नाव आलं, की हे पान देत. पलटणीत सगळे त्याला पानच म्हणायचे. कारकुनाला ते ठाऊक नसावं. तो मोठ्यांदा हसला आणि म्हणाला, “नुसतंच पान? चुना-कात नाही दिला?” आणि त्यानं त्या रकान्यात ‘नाही’ लिहून टाकलं.

“आणि तुम्ही काय केलंत?”

“तो हसला म्हनून मी पन हसलो.” हे पुन्हा सुंभ वळायला लागले. “पावसाळ्याआधीच्या शेवटल्या बोटी चालू व्हत्या. चुकली असती तर आनखी अडकलो असतो. घरी यायचं व्हतं.”

आधी मला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग ते पाणी थांबेना. गोळीबारातून आलेला माणूस, एका टेबलामागचा कारकून त्याला हसतो आणि हा त्याच्याबरोबर हसतो, हे चित्र मला सहन होईना. त्याच दुपारी मी अर्ज लिहायला घेतला.

शहरात माजी सैनिकांसाठी एक कचेरी होती. तिथे एक पेन्शनीतले जमादार बसत. मिशा पांढऱ्या, आवाज परेडचा. त्यांनी समोरचा कागद ओढून विचारलं, “नाव?” हे बाहेर चपला काढत होते आणि मी एकटीच टेबलासमोर उभी. नवऱ्याचं नाव लिहायला माझी हरकत नव्हती, उच्चारायला होती. मी अर्जावरच्या नावावर बोट ठेवलं. जमादार म्हणाले, “मास्तरीण असून?” मी म्हटलं, “मास्तरीण शाळेत.” ते मिशीत हसले आणि आमचं जमलं.

ह्यांनी खिशातून चिंधीची पुरचुंडी काढली आणि ते पान टेबलावर ठेवलं. जमादारांनी चष्मा लावून पाहिलं आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, “हे कुणालाही मिळत नाही, बाई.” ह्यांचे कान लाल झाले. पलटण सुटल्यापासून कोणी ह्यांच्यासाठी उभं राहिल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण उभं राहून काम होत नाही. जमादारांनी बजावलं, “लष्कर चूक कबूल करतं, पण त्याला साक्षीदार लागतो आणि वेळ लागतो.” झालंही तसंच. पलटणीच्या ठाण्याकडून उत्तर आलं की पान बाजारातही मिळू शकतं. ते कुठे आणि कशासाठी मिळालं हे पाहिलेल्या सोबत्याची जबानी पाठवा.

‘पान बाजारातही मिळतं’ हे वाक्य वाचून मी घरात जी काही भांडी आपटली, ती आपटली. हे मात्र शांतपणे म्हणाले, “गुहागराकडं एकजन हाय.”

तो ह्यांचा पलटणीतला जोडीदार. खाडीकाठच्या मुसलमान वस्तीतला, आता जहाजावर खलाशी. आमचं नशीब की तेव्हा घरी आला होता. हे जाऊन त्याला घेऊन आले. दोघं बंदराकडून चालत येताना मी पाहिले. ह्यांना इतकं बोलताना मी लग्नापासून पाहिलं नव्हतं. जमादारांच्या टेबलाशी बसून तो सांगत होता आणि मी लिहून घेत होते. नदीला पाणी चढलं होतं, समोरून गोळ्या येत होत्या, तरंगत्या पुलाचा मुख्य दोर तुटला. पूल वाहून गेला असता तर पलीकडे गेलेली माणसं तिकडेच राहिली असती. तेव्हा ह्यांनी दोराचं टोक दातात धरून उडी मारली.

“वहिनी, आमच्यात देशावरची मानसं लय, पन त्यांना पवता कुटं येतंय?” तो माझ्याकडे बघून म्हणाला. “यानं दोर नेला नि तिकडं खुंट्याला बांधला. बांधतानाच दोर आवळला नि बोटं गेली. मग पलीकडची मानसं चालत परत आली. त्यांत मी व्हतो.”

मी लिहायची थांबले. हे खिडकीबाहेर बघत होते, जसं काही दुसऱ्याच कोणाबद्दल चाललं होतं. जमादार म्हणाले, “बाई, लिहा.” मी लिहिलं. त्याचं इंग्रजी त्यांनी केलं, पण बोट आणि जहाज हे शब्द आले तिथे मी त्यांच्या मागे उभी राहून पुन्हा पुन्हा विचारलं, की हे वाचून कोणाला मुंबईची बोट तर वाटणार नाही ना? शेवटी ते कंटाळून म्हणाले, “बाई, ही बोट आता सरळ इटलीलाच लागते.”

जबानी आणि पुस्तक टपालात पडलं, आणि त्यानंतर वाट बघणं. टपालवाला दिसला की मी शाळेच्या खिडकीतून वाकायची. मुलींनी माझं बघून तेच सुरू केलं. शिमगा जवळ आला, चाकरमानी बोटीतून उतरू लागले, आणि ह्यांनी ट्रंकेची तुटलेली कडी दुरुस्त करून आणली. मी कडीकडे पाठ करून भाकऱ्या थापत राहिले. रागावले असते तर रडू आलं असतं.

पालखी देवळातून निघायच्या आदल्या दिवशी पाकीट आलं. त्यात तेच पुस्तक होतं. दोन्ही ‘नाही’वर तांबड्या शाईची रेघ आणि शेजारी नवीन अक्षरं: इजिप्त, इटली, आणि खाली, सेनापतीच्या अहवालात नावाचा उल्लेख. खाली सही, शिक्का. हे पुस्तक घेऊन तसेच सड्यावर गेले. मंडळाचे दोघं तिथे होतेच. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मंडळ बसायची वाट न बघता, शिमग्याची सुट्टी संपली की कामावर या म्हणाले.

आता घरात एकच माणूस राहिलं होतं ज्याला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या सासूबाई. हे लढाईवर असताना घरी पत्रं यायची ती लष्कराच्या टपालातून, ठिकाण न लिहिता. सासूबाईंना वाचता येत नव्हतं; पत्र वाचणाऱ्या शेजाऱ्याला ह्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की आईला मुंबईतच आहे म्हणून सांग. बोटं गेली ती मुंबईच्या कारखान्यात, असं सांगून हे घरी आले होते. लग्नाआधी आमच्याकडे खरं सांगितलं तेही आईच्या कानावर घालू नका या अटीवर, आणि घरातही आम्ही हे बोलायचो ते त्या शेतावर असताना. मग ती गोष्ट कधी मोडायची ते राहूनच गेलं.

त्या संध्याकाळी मात्र मोडावी लागली, कारण वाडीभर बातमी झाली होती. ह्यांनी आईसमोर बसून मला म्हटलं, “वाच.” मी मराठी करून वाचलं. इजिप्त म्हणजे कुठे, इटली म्हणजे कुठे, नदी, दोर, सगळं सांगितलं. सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी ह्यांचा डावा हात ओढून मांडीवर घेतला आणि उरलेल्या बोटांवरून आपली बोटं फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता रागावतील.

“अरे मेल्या,” त्या म्हणाल्या, “दर शिमग्याला मी देवीसमोर नारळ ठेवून गाऱ्हानं घातलं. माजा लेक मुंबयला हाय, त्याला सांबाळ. सगळी वाडी ‘व्हय म्हाराजा’ म्हनाली. ती बिचारी तुला मुंबयत गल्लोगल्ली हुडकीत बसली असंल!”

“सापडलो ना, आये.” हे आईकडे सरकले. “बघ, आलो की नाय?”

“आलास. पन आर्धा हात तिकडं ऱ्हायला.” सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग सावरून बसल्या. “उद्या पालखी हाय. नारळ ठेवायचा हाय. आता ती साळा कुटं हाय ता नीट सांग मला. कुटल्या वाटंनं जातास, कुटं वळतास, समदं सांग.”

आणि माझा मुका नवरा आईला वाट सांगायला लागला. घाटीनं वर, आंब्याच्या कलमांच्या दगडी गडग्यापासून उजवीकडे, सड्यावरची पहिली कौलारू इमारत. सासूबाई एकेक वळण त्याच्यामागून म्हणत होत्या आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या.