तळाचा सूर धरणारा पाववाला

९ मार्च २०१७ रोजी मेनेलाओस त्सिकास याने यानिना शहरातल्या एका दुकानात चौऱ्याऐंशी युरो पन्नास सेंट मोजून पावाच्या गाडीसाठी भोंगा विकत घेतला. गाडीचा जुना हॉर्न आदल्या आठवड्यात कायमचा गप्प झाला होता. डोंगरातल्या अकरा गावांत पाव पोचवायचा, तर आवाज हवाच. नाहीतर म्हाताऱ्या माणसांना घरात बसून पाव आलाय हे कळणार कसं?

भोंग्यात पेन ड्राइव्ह लावायची सोय होती.

"गाणी कुठली भरून देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"आपली. क्लॅरिनेटची," मेनेलाओस म्हणाला.

दुकानदार हो हो म्हणाला आणि घाईत त्याने गल्ल्याजवळ पडलेला स्वतःच्या मुलाचा पेन ड्राइव्ह उचलून दिला. त्यात सहाशे बारा गाणी होती. क्लॅरिनेटचं त्यात एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेत्रोवुनी गावाच्या चौकात मेनेलाओसने बटण दाबलं, आणि भोंग्यातून विजेच्या गिटारची किंकाळी बाहेर पडली. मागोमाग एक माणूस घसा फाडून ओरडायला लागला. एक्याऐंशी वर्षांची आसिमोकाकू सपाता घालून दारात आली.

"अरे मेनेलाओस, गाडीत कुणाला कापतोयस?"

"पाव आहे हो, काकू."

"मग त्याला आधी मरू दे. नंतर दोन पाव दे."

दुकानात जाऊन पेन ड्राइव्ह बदलून आणायचा, असं ठरवूनच तो पुढच्या चढाला लागला. पण चढावर दुसरं गाणं सुरू झालं, मग तिसरं. पाचव्याला त्याने वळणावर गाडी थांबवली. मागे पाव गार होत होते, आणि सत्तावन्न वर्षांचा हा माणूस स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, तोंड उघडं टाकून ऐकत बसला होता. गाणं संपल्यावर त्याने ते परत लावलं. त्या दिवशी शेवटच्या गावात पाव पावणेदोन तास उशिरा पोचला.

त्याला नेमकं काय झालं होतं, हे कळायचं तर त्याचं गाणं ठाऊक हवं. मेनेलाओस आपल्या गावच्या, द्रिमोखोरीच्या, गाण्याच्या ताफ्यात एकतीस वर्षं गात होता. त्या भागातल्या गाण्याला वाद्य लागत नाही. एक जण गाणं उचलतो, दुसरा ते परतवतो, तिसरा चातीवर सूत कातावं तसा आवाज मधे फिरवतो, आणि उरलेले तळाशी एकच सूर धरून ठेवतात. त्या सुराला इसो म्हणतात. मेनेलाओस इसोवाला. इसोवाल्याच्या वाट्याला शब्द येत नाहीत, कौतुकही फारसं येत नाही. त्याने एकच पथ्य पाळायचं: दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकाचा दम सरत आला, की शेजारच्याने आवाज वाढवायचा. म्हणजे सूर कधी तुटलाच नाही, असं ऐकणाऱ्याला वाटतं.

त्यामुळे परकं गाणं कानावर पडलं की मेनेलाओस आधी त्यातला इसो शोधायचा. बॅगपाइपमध्ये तो पहिल्याच क्षणी सापडला आणि त्याने आनंदाने हॉर्नच्या जागी हात मारला. ब्लूजमध्ये सापडायला दोन दिवस लागले. त्याने एक शाळकरी वही केली. तारीख, गाव आणि गाण्याचा प्रकार असे रकाने आखले. चौथ्या रकान्यात तो लिहायचा: "ब्लूज. इसो अंगठ्यात, जाड तारेवर." "रेगे. इसो पोटात, पण लंगडत चालतो." "हेवी मेटल. सगळाच इसो, वर एक माणूस जळतोय." टँगोपुढे त्याने लिहिलं होतं: "इसो नाही. कुठेच नाही." या टँगोने त्याला तीन आठवडे छळलं. खाली जमीनच नाही, तरी हे गाणं पडत कसं नाही? पाव देता देता तो गिऱ्हाइकांना हेच विचारायचा.

गिऱ्हाइकंही हळूहळू बिघडली. कस्टममधून निवृत्त झालेले एक गृहस्थ बुधवारी जॅझ लागल्याशिवाय पाव घेईनात. लिम्नाकी गावच्या दोघी बहिणींनी, वयं सत्तर आणि बहात्तर, रेगेवर कंबर हलवायला सुरुवात केली. आसिमोकाकूने तर एका सोमवारी तक्रारच केली.

"तो ओरडणारा कुठाय आज? बरा नाही का तो?"

"आज क्यूबा आहे, काकू."

"क्यूबा राहू दे. त्याला लाव. तो ओरडला की माझ्या कोंबड्या गप्प होतात."

हे सगळं द्रिमोखोरीत पोलिक्सेनीमावशीच्या कानावर जात होतं. पोलिक्सेनी ही मेनेलाओसच्या आईची धाकटी बहीण, वय शहात्तर. ताफ्यात गाणं उचलायचं काम तिचं. तिच्या आवाजाला गाव भीत असे, आणि तिच्या जिभेला त्याहून जास्त.

जून महिन्यातल्या शेवटच्या रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर ताफा नेहमीसारखा बंद पडलेल्या शाळेच्या वर्गात तालमीला बसला. गाणं रंगात आलं असताना मेनेलाओसचा सूर किंचित खाली घसरला आणि परत वर आला. ब्लूजमध्ये घसरतो तसा. पोलिक्सेनीने बाकावर थाप मारली.

"थांबा. जमीन कुणी हलवली?"

"मी, मावशी."

"का?"

"तिथे हलावंसं वाटलं."

"भूकंपालाही तसंच वाटतं. पण त्याला आम्ही ताफ्यात घेत नाही." ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "हे बघ. मी तुझ्या खांद्यावर पाय देऊन वर चढते. तू हललास, तर मी या वयात पडते, आणि सगळ्यांदेखत पडते. पंधरा ऑगस्टला मातेची जत्रा आहे. तोवर तो भोंगा बंद झाला नाही, तर तुझ्या जागी फानिस पोस्टमन उभा राहील. त्याला गाण्यातलं काही कळत नाही, पण तो जागचा हलत नाही."

"म्हणूनच टपाल येत नाही," मागून कुणीतरी पुटपुटलं. पोलिक्सेनीने मान वळवली.

मेनेलाओसने नऊ दिवस भोंगा बंद ठेवला. रस्ता त्याला कधी नव्हे इतका लांब वाटला. गावोगाव तो तोंडाने "पाव!" असं ओरडत फिरला, आणि दर दिवशी तीस-पस्तीस पाव परत आले. दहाव्या दिवशी त्याने बटण दाबलं. द्रिमोखोरीत शिरताना तेवढा तो भोंगा बंद करायचा, पण दरीत आवाज लपत नाही.

पुढच्या रविवारी वर्गात फानिससाठी खुर्ची मांडलेली होती, ती मेनेलाओसच्या जागेवर. मेनेलाओस भिंतीला टेकून बसला. गाणं सुरू झाल्यावर त्याचे ओठ आपोआप उघडले आणि त्याने ते मिटून घेतले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो ते गाणं बाहेरून ऐकत होता. घरी गेल्यावर तो जेवला नाही. भोंगा काढून टाकावा की काय, या विचाराने तो दोनदा पान्हा घेऊन गाडीजवळ गेला आणि दोन्ही वेळा परत आला. ताफा सोडवत नव्हता आणि ती सहाशे बारा गाणीही सोडवत नव्हती. जत्रा पाच आठवड्यांवर आली होती.

१८ जुलैला पोलिक्सेनीला डोळे तपासायला यानिनाला जायचं होतं. पावाच्या गाडीखेरीज दुसरं वाहन नव्हतं, म्हणून ती मेनेलाओसबरोबर निघाली, पण भोंग्याकडे पाठ करून बसली. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले आणि दोन-तीन तास नीट दिसणार नाही, उन्हात फिरू नका, असं सांगितलं. संध्याकाळचे साडेसहा झाले होते. वाटेत किल्ल्याच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. दारावर चित्र होतं: फिनलंडची हिल्का नावाची बाई, चेलो वाजवणार, प्रवेश फुकट.

"मावशी, एक तास बसू या. इथे सावली आहे."

"तासाभरात तुझा सूर सरळ होणार आहे का?"

"खुर्च्यांना पाठ आहे."

"पाठ आहे? मग बसते. पण ऐकणार नाही."

दोघं दुसऱ्या रांगेत बसली. हिल्का आली. बारीक, पन्नाशीची, अनवाणी. तिच्या पायाशी एक छोटं यंत्र होतं. तिने चेलोवर, त्या गुडघ्यांत धरलेल्या मोठ्या व्हायोलिनवर, एक खोल सूर ओढला, पायाने यंत्र दाबलं, आणि तो सूर आपोआप वाजत राहिला. त्यावर तिने दुसरं गाणं सुरू केलं.

मेनेलाओस ताडकन सरळ बसला. "इसो! मावशी, हिच्याकडे इसो आहे!"

"ओरडू नकोस. माझे डोळे बंद आहेत, कान नाहीत."

वरचं गाणं चमत्कारिक होतं. पायऱ्या चढता चढता ते मधेच भिंतीत शिरायचं आणि भलत्याच दारातून बाहेर यायचं. चौथ्या रकान्यात काय लिहायचं, तेच मेनेलाओसला सुचेना. गाणं अगदी टोकाला पोचलं होतं, हिल्काचा हात उंचावर थरथरत होता, आणि त्याच क्षणी यंत्रातून खट असा आवाज आला. खालचा सूर गेला.

वरचं गाणं एकटंच हवेत लटकत राहिलं. हिल्काने पायाने यंत्र पुन्हा पुन्हा दाबलं. काही झालं नाही.

इतर कुठल्याही गावचा माणूस खुर्चीत गप्प बसला असता. मेनेलाओसच्या भागात गाण्याखालची जमीन गेली की जवळचा माणूस काही न विचारता आवाज देतो. लग्नात असो, मयतीत असो, हे तिथे लहानपणीच अंगात मुरतं. मेनेलाओसला आपण कुठे बसलोय, याचा विसर पडला. त्याने छाती भरली आणि गेलेला सूर जिथल्या तिथे उचलून धरला.

लोक माना वळवून बघायला लागले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने "शूः" केलं. हिल्काने वर पाहिलं, पण ती थांबली नाही. तिचं गाणं पुन्हा चालू लागलं. ते त्याला डावीकडे ओढत होतं, मधेच खाली घसरायला बोलावत होतं. मेनेलाओस हलला नाही. ब्लूजने, टँगोने, त्या ओरडणाऱ्याने गेले चार महिने त्याला असंच ओढलं होतं. या ओढाताणीची त्याला ओळख होती.

पण तो एकटा होता. पंधरा सेकंद गेली, वीस गेली. मानेच्या शिरा फुगल्या. श्वास घेतला असता तर सूर तुटला असता, आणि तोडणं तर शक्यच नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

तेव्हा शेजारच्या खुर्चीतून तोच सूर वाढला. जाडा, खरखरीत, जरासा कापरा. पोलिक्सेनीमावशी. जन्मात कधी इसो न धरलेली.

मेनेलाओसने श्वास घेतला आणि परत आत शिरला. मग ती थांबली आणि तो राहिला. मागच्या रांगेतून एक पुरुषी आवाज मिसळला, दाराजवळच्या आइस्क्रीमवाल्याचा दुसरा, खांबाशी उभ्या असलेल्या दोन बायकांचे आणखी. सगळे त्याच डोंगरातले असावेत, कारण कुणी दोघं एकदम श्वास घेत नव्हती. अंगण खालून भरून आलं. हिल्काने डोळे मिटले आणि दुप्पट जोराने वाजवायला लागली. हे सात मिनिटं चाललं.

टाळ्या थांबेनात. मेनेलाओस मोठमोठ्याने हसत होता. पोलिक्सेनी हसत नव्हती. ती छातीवर हात धरून धापा टाकत होती.

"मावशी, पाणी आणू?"

"गप बस. जरा बोलू दे." तिने दम घेतला. "ती बाई वरून ओढते रे. मला दोनदा ओढून नेलं तिने. तुझा हात धरला म्हणून मी परत आले."

"नवशिक्याला ओढतंच ते."

"नवशिक्याला! साठ वर्षं गातेय मी!" मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "तू हलला नाहीस."

"नाही."

"एवढ्या वाकड्या गाण्याखाली हलला नाहीस, आणि माझ्या सरळ गाण्याखाली हललास?"

"तुझ्याखाली बेसावध होतो, मावशी. तिथे सवय आहे. इथे जिवाची भीती होती."

"मग माझ्याखालीही भीत जा," ती म्हणाली. "जत्रेला पांढरा सदरा घाल. फानिसला मी सांगते. त्याला म्हणावं, तू टपालच वाटत जा."

"आणि भोंगा?"

"भोंगा राहू दे. पण माझ्या गावात गप्प बसून का येतोस? मला काय पाव नको असतो?"

दाराजवळच्या टेबलावर हिल्काच्या सीडी विकायला ठेवल्या होत्या, बारा युरोला एक. मेनेलाओसच्या खिशात दहाची नोट निघाली. पोलिक्सेनीने पर्स उघडली, डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून बोटांनी चाचपून एक नाणं काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे दोन युरो उसने," ती म्हणाली.

पंधरा ऑगस्टला मेनेलाओस आपल्या जागेवर उभा होता. मावशीने गाणं नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत उचललं, मधे दोन ठिकाणी वाट सोडून भलतीकडे वळली आणि वळताना त्याच्याकडे रोखून बघत राहिली. तो हलला नाही. चौकातले लोक खुर्च्यांवर चढून ओरडत होते. तसं गाणं द्रिमोखोरीत त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

मावशीचे दोन युरो मेनेलाओसने अजून दिलेले नाहीत.