रंगवलेल्या आभाळाखालची गाडी

त्या गाडीची आठवण आजही निघते, आणि दर वेळी आधी डोळ्यांपुढे येते ते आभाळ. निळे, पांढऱ्या ढगांचे, कापडावर रंगवलेले. खरे आभाळ त्या दिवशी कसे होते ते मात्र मला सांगता येणार नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी गोरेगावकडच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. नवरात्र नुकतेच संपले होते. दिंडोशीच्या बाजूला वसाहती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या मागच्या डोंगरावरून सकाळी धुके अगदी घरांच्या पायऱ्यांपर्यंत उतरत असे. अशाच एका सकाळी, धुक्यातूनच आल्यासारखा, एक तिशीतला तरुण ठाण्यात शिरला.

"साहेब, वाट लागली माझी. गाडी गेली."

पांढरी मोटार होती. तो ती भाड्याने चालवायचा. लग्नाची वरात असो नाहीतर सहार विमानतळावर सोडायचे पाहुणे, घर त्या गाडीवर चालत होते. घरात विधवा आई, बायको आणि तान्हे मूल. ठाणे अंमलदाराने फिर्याद लिहून घेतली, बिनतारी संदेश सुटला आणि मी हवालदाराला घेऊन पंचनाम्याला गेलो. गाडी उभी असायची तिथले गवत दबलेले होते. काचेचा तुकडा नाही, ओढल्याची खूण नाही. म्हणजे गाडी चावीने गेली होती.

"चाव्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे. दुसरी मामाच्या देव्हाऱ्यात. गाडी घेतली तेव्हाच ठेवलीय, आशीर्वाद म्हणून."

गाडी कर्जावर घेतली होती. आमच्या खात्यात एक साधा नियम होता. कर्जाची गाडी चोरीला गेली, की चोराच्या आधी फायनान्सवाल्यांना विचारायचे. निम्म्या वेळा गाडी त्यांनीच उचललेली असते. मी त्या तरुणाला विचारले, हप्ते थकलेत का?

"थकलेत थोडे. पावसाळ्यात धंदा नसतो ना. पण कंपनीवाले झकास आहेत साहेब, कधी तगाद्याला दारात आले नाहीत."

हे ऐकून मी कान टवकारले. इतकी वर्षे नोकरी केली, पण तगादा न लावणारा फायनान्सवाला मी अजून पाहिलेला नाही.

कंपनीचा माणूस बोलावला. तो घाम पुसत म्हणाला, "आम्ही काल रात्री गाडी उचलायला गेलो होतो साहेब, पण ती जागेवरच नव्हती. आणि तगादा कसा नाही? कर्जदाराच्या चाळीत आमचा माणूस दर आठवड्याला जातो. गाडी उचलणार, हेही तो तिथे सांगून आला होता."

"कर्जदार तर इथे बसलाय."

"नाही साहेब. ह्यांची नोकरी कायम नव्हती म्हणून कर्ज ह्यांच्या मामांना दिलंय. गाडीसुद्धा मामांच्याच नावावर आहे."

भाच्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याच्या समजुतीप्रमाणे मामाने फक्त घरचा मोठा माणूस म्हणून सही केली होती. लग्नपत्रिकेत मोठ्यांची नावे घालतात, तसे काहीसे. गाडी घेतली तेव्हा मामा गिरणीत कायम होता. पुढे गिरणी बंद पडली आणि तो सिनेमाच्या स्टुडिओत पहारेकरी म्हणून लागला. तगादा सोसायचा मामाने आणि कंपनी चांगली म्हणायचे भाच्याने, असे ते चालले होते.

दुपारी माझा एक खबरी आला. त्याच स्टुडिओत सेट ठोकणारा सुतार, गप्पिष्ट माणूस.

"साहेब, पांढरी गाडी पायजे ना? आभाळाखाली हाय."

"अरे, सगळ्याच गाड्या आभाळाखाली असतात."

"तसं नाय ओ. पडद्याच्या आभाळाखाली."

आम्ही गेलो. आत एक खोटे गाव उभे होते. पुढून घरे, मागून नुसत्या फळ्या. कुठेतरी चित्रीकरणासाठी धूर सोडला होता, तो गल्लीतून हळूहळू सरकत होता. भर दुपारी तिथे पहाट झाली होती. गावाच्या टोकाला तो आभाळाचा पडदा दोरीवरून सोडून एका गाडीवर पसरला होता. एका ढगाखालून तिचा दिवा डोकावत होता आणि शेजारी स्टुलावर पहारेकऱ्याच्या खाकी कपड्यांतला एक सडपातळ म्हातारा शांतपणे बसला होता. तोच मामा. आम्हाला पाहून त्याने टोपी काढली आणि उठून उभा राहिला. मला क्षणभर वाटले, आपण पाय न वाजवता परत जावे.

ठाण्यात आणून समोर बसवले. चहा दिला, तो त्याने घेतला नाही.

"साहेबानु, गाडी मीच चोरलंय. लिवन घेवा."

"का चोरलीत?"

गप्प. कोणी चालवत आणली? स्टुडिओतल्या ओळखीच्या ड्रायव्हरने. विकणार होतात? मान हलली, नाही. मग कशासाठी? पुन्हा गप्प. मी आवाज चढवून पाहिला, नरमाईने विचारून पाहिले. चोर तोंड मिटतो तो सुटण्यासाठी. हा माणूस अडकण्यासाठी तोंड मिटून बसला होता. शेवटी मी म्हणालो, "मामा, तुम्हाला चोर ठरवायचं कसं? गाडी तुमच्याच नावावर आहे."

तो दचकला. चोरीच्या आरोपाने जो माणूस हलला नव्हता, तो या वाक्याने हलला.

"माझ्या नावार? माझ्या नावार कशी ऱ्हवात? मी ती दिलंय!"

"कुणाला दिलीत?"

"बहिणीक. भाऊबीजेक." त्याचे डोळे भरून आले. "तेनी ओवाळल्यान, तेव्हा खिशात काय नव्हता. भाचो गाडी घेवक बघता, तेका सही होयी, ह्या माका ठावक होता. मी पाटारच सही केलंय, कागद ताटात ठेवलंय. ओवाळणी ती. आता कंपनीवाले गाडी न्हेतले, तर ओवाळणी काढून घेतल्यासारखा झाला ना, साहेबानु? म्हणान लपवलंय. आणि भाच्याक काय सांगू? ओवाळणीचो भार कोण बोलून दाखवता?"

गाडी ओळखायला मी भाच्याला बोलावले होते. तो दारात उभा होता आणि त्याच्या पुढे त्याची आई. तिने सगळे ऐकले होते. ठाण्यात बाई रडू लागली की आम्ही पाण्याचा पेला पुढे करतो. ही रडली नाही. सरळ आत आली आणि भावासमोर उभी राहिली.

"दादा, मी ओवाळलंय तेव्हा तुझा आयुष्य मागलंय. सही कोणी मागलेली?"

तिने पदराने त्याचे तोंड पुसले आणि मुलाकडे वळून एवढेच म्हणाली, "पाया पड." पोरगा पाया पडला तो बराच वेळ उठलाच नाही. माझा हवालदार, ज्याने आयुष्यात कुणाला दया दाखवली नसेल, उगाच खिडकी उघडायला गेला.

गुन्हा गैरसमजातून दाखल झाला होता. तसा अहवाल कोर्टात पाठवून प्रकरण मिटवले. कंपनीच्या माणसाला बसवून घेतले. यापुढे तगादा असेल तर भाच्याच्या दारात, मामाच्या चाळीत पाऊल टाकायचे नाही, असे माझ्यासमोर ठरले. भाच्याने रात्रीच्या फेऱ्याही धरल्या आणि हप्ते सुरळीत झाले.

पुढे सह्यांवरून भांडणारी कितीतरी नातेवाईक मंडळी माझ्यापुढे आली. भाऊ, मेहुणे, सासरे-जावई. सही कुणाची, हे कागदावर दिसतेच, ते पाहायला पोलीस लागत नाही. मी आधी विचारायचो, "सही करताना तुम्ही बसला होतात कुठे?" कुणी दुकानात बसलेला असे, कुणी लग्नाच्या मांडवात, कुणी आजाऱ्याच्या उशाशी. निम्मे भांडण तिथेच उलगडायचे. माणूस कागदावर एक लिहितो आणि मनात दुसरेच देत असतो.

गाडी सापडली त्याच वर्षी, भाऊबीजेच्या दुपारी मी ठाण्याच्या फाटकात उभा होतो. पांढरी गाडी येऊन थांबली. भाचा चालवत होता, बहीण मागे बसली होती आणि पुढच्या जागी मामा, कपाळावर ओला टिळा लावून. सगळीकडे दिवाळीचे मऊ ऊन पडले होते. मी वाकून चेष्टेत विचारले, "काय मामा, यंदा ताटात काय घातलंत?"

मामा एकदम ताठ बसला.

"सुपारी. सही नाय," तो म्हणाला, आणि मागे बसलेली त्याची बहीण खुदकन हसली.